नाळेतलं रक्त

धाकटी बहीण बाळंत झाली आणि महिन्याभरात तिला धाप लागायला लागली. बाळंतपणाचा अशक्तपणा असेल म्हणून आम्ही सोडून दिलं. इको काढला तेव्हा कळलं, हृदयाचे स्नायूच कमजोर झालेत; क्वचित कुणाला बाळंतपणात होतं तसं. औषधांवर काही वर्षं निघाली. मग मुलुंडच्या घरी एक जिना चढतानाही ती मधेच पायरीवर टेकायला लागली, आणि डॉक्टरांनी ट्रान्सप्लांटचा विषय काढला.

घरी आल्यावर ती म्हणाली, "म्हणजे कुणीतरी मरायची वाट बघत बसायचं? मला नाही जमणार, ताई."

तिच्या नवऱ्याला तेव्हा आठवलं, लेकीच्या जन्माच्या वेळी नाळेतलं रक्त एका खासगी बँकेत जपून ठेवलंय. त्यात स्टेम सेल असतात, त्यांच्यापासून हृदयाचे नवे स्नायू होतात, असं त्याने मोबाइलवर वाचलं होतं. आम्ही तिघं अंधेरीतल्या एका क्लिनिकमध्ये गेलो. तिथल्या माणसाने इकोची फाइल उघडलीसुद्धा नाही. "होऊन जाईल," म्हणाला. येताना बहीण कितीतरी दिवसांनी हसली. "पोरीच्या वेळी बिघडलं ना? आता पोरगीच दुरुस्त करेल बघ."

मी म्हटलं, आपल्या डॉक्टरांना एकदा विचारू या.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "सोडलेल्या पेशी हृदयात फारशा टिकत नाहीत. त्यांचे स्नायूही बनत नाहीत. प्रयोगशाळेत वाढवलेला स्नायूचा तुकडा हृदयावर लावून बघतायत काही ठिकाणी. पण ते अजून प्रयोगच आहेत."

"किती वर्षं लागतील?" तिने विचारलं.

"सांगता येत नाही. तुम्ही त्यासाठी थांबू नका."

बाहेर येऊन ती बाकावर बसली. बराच वेळ ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत राहिली. मग नवऱ्याला म्हणाली, "घाल माझं नाव यादीत."

एकदाच फोन आला, हृदय मिळतंय म्हणून. धावतपळत हॉस्पिटल गाठलं, तिची सगळी तयारी झाली, आणि मग सांगण्यात आलं की ते हृदय बसवण्यासारखं नाही. मला रडूच फुटलं. ती मात्र नर्सला विचारत राहिली, "कोण होतं हो ते? घरी लहान कुणी आहे का त्यांच्या?" नर्सला ते सांगायची परवानगी नव्हती.

पुन्हा फोन आला नाही. हिवाळा सरता सरता एका दुपारी, हॉस्पिटलमध्येच ती गेली. तिचा नवरा तिचा हात सोडेना, म्हणून मुलीला शाळेतून आणायला मी गेले.

"आज तू कशी, मावशी? बाबा कुठेय?"

समोर उसाच्या रसाची गाडी होती, तिकडे घेऊन गेले तिला. तिने ग्लास रिकामा केला, ओठांवरचा फेस हाताने पुसला.

"अजून एक घेऊ?"

मी अजून एक सांगितला.