अडकलेलं बोट आणि डावा कौल

मी मुळातला भित्रा माणूस. लोकांना वाटतं, सदानकदा देवीच्या पुढ्यात असणाऱ्या गुरवाला कसली आलीय भीती! पण त्या वर्षी मला माझ्याच उजव्या हाताच्या अनामिकेची भीती बसली होती. सकाळी उठलो की ते बोट तळहाताशी दुमडलेलं असायचं आणि आपणहून उघडायचं नाही. डाव्या हातानं ओढलं की टक् करून सुटायचं आणि कळ थेट मनगटापर्यंत जायची. रत्नागिरीला एका डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, आतलं आवरण जाडावलंय, कापून मोकळं करावं लागेल. कापायचं म्हणताच मी धोतर सावरत जो बाहेर पडलो, तो मिरजोळ्याजवळचं आमचं गाव येईपर्यंत मागे वळून पाहिलं नाही.

हाताला व्यंग आलेल्या गुरवानं मूर्तीला शिवायचं नाही, असा आमच्या गावचा दंडक. मानकऱ्यांना कळलं असतं तर देवीची सेवा माझ्याकडून चुलतभावाकडे गेली असती. बापजाद्यांपासून चालत आलेली सेवा माझ्यापाशी येऊन सुटणार, या विचारानं घास गिळवेना. बायको म्हणायची, “अहो, लपवून बोट बरं होणाराय का? सांगून टाका एकदाचं.” मी उलट तिच्यावरच खेकसायचो.

मग मी एक मूर्खपणा केला, जो गुरवालाच सुचू शकतो. दुपारी देवळात कुणी नसताना स्वतःसाठीच कौल लावला. आमच्याकडे मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवून गाऱ्हाणं घालतात. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मी विचारलं, “आई, मानकऱ्यांना सांगू का?” डावी पडली. तीनदा विचारलं, तिन्ही वेळा डावीच. मला हायसं वाटलं. देवीच गप्प बस म्हणतेय, तर मी कोण बोलणार!

पुढे पंधराएक दिवसांनी वाडीतली सावित्री आली. तिचा नवरा मुंबईला गिरणीत, घरी ती आणि सहा वर्षांची मुलगी. पोर आठ दिवस तापानं फणफणत होती. तिला खांद्यावर टाकूनच ती आली होती. “गुरवदादा, हिला रत्नागिरीच्या इस्पितळात नेऊ का? मला काय सुचत नाय. तुम्ही इचारा आईला.” मी पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं. डावी पडली. सावित्रीनं पोरीच्या कपाळाला अंगारा लावला आणि घरची वाट धरली.

उंबऱ्यापाशी एक म्हातारे वैद्य टेकले होते. राजापूरहून आलेले, पाणी मागायला थांबलेले. मी त्यांना आधी कधी पाहिलं नव्हतं. ते म्हणाले, “गुरव, हात बघू.” मी हात मागे नेला.

“लपवू नका. उजवी पाकळी लावताना तुमचं बोट अडकलं. तुम्ही जोर केलात आणि ती दगडाला घट्ट दाबली गेली. डावी डाव्या हातानं नुसती टेकवलीत. मग आधी कुठली पडणार? हा नकार देवीचा नाही हो, तुमच्या बोटाचा आहे.”

गेल्या दोन महिन्यांत किती जणांना डावा कौल सांगितला, आठवेना. आणि ती पोर! तिचं काही बरंवाईट झालं तर? मी तसाच सोवळ्यानिशी चिखलातून धावत सुटलो. पोर गेली तर, गावानं दारात उभं केलं नाही तर, देवीनंच तोंड फिरवलं तर, असलंच सगळं डोक्यात. ओढ्यावरच्या साकवापाशी सावित्री दिसली. “अगं, थांब! तो कौल खरा नव्हे. माझं बोट बिघडलंय, मी लपवलं. पोरीला आत्ताच्या आत्ता ने!” तिनं माझ्याकडे जे पाहिलं, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. शेजाऱ्याची बैलगाडी मागून मीच त्यांना इस्पितळात पोचवलं. विषमज्वर होता. जगेल की नाही, कुणी सांगेना.

परतल्यावर मानकऱ्यांना मी स्वतःच सगळं सांगितलं. वैद्य अजून देवळातच होते. ते म्हणाले, “चाळीस दिवस मूर्तीला हात लावायचा नाही. कबूल असेल तर बोट बघतो.” सेवा सुटायला भीत होतो, तेच पुढ्यात आलं, आणि मी हो म्हटलं. त्यांनी तांब्याची सळई निखाऱ्यात घातली तेव्हा मात्र मी ओरडलो, “अहो वैद्यबुवा, डाग देणार?”

“आईचं नाव घ्या आणि दुसरीकडे बघा,” ते म्हणाले. बोटाच्या मुळाशी तीन चटके दिले आणि लगेच कोरफडीचा गर लावला. जखम सुकल्यावर कोमट तीळतेल चोळायचं, निर्गुडीच्या पाल्यानं शेकायचं, झोपताना बांबूची कामटी बांधायची आणि बोट कधी ओढायचं नाही, असं बजावून ते दुसऱ्या दिवशी निघून गेले. नाव विचारायचंसुद्धा माझ्या ध्यानात राहिलं नाही. ते पुन्हा कधी आले नाहीत.

मानकऱ्यांच्या सांगण्यावरून चुलतभाऊ पूजा करायचा आणि मी पायरीवर बसायचो. बोट हळूहळू सैल होत होतं, पण माझं लक्ष वाटेकडे. इस्पितळाकडून कुणी येताना दिसलं की मी उठून उभा राहायचो. सेवेचं काय होणार, हा विचारसुद्धा तेव्हा मनात येत नव्हता.

चाळीस दिवस सरले आणि एके सकाळी सावित्री आली. पोर तिचं बोट धरून चालत होती. केस गळलेले, पाय काड्यांसारखे, पण चालत होती. मी हात जोडले. “बाई, मला क्षमा कर.”

“तुम्ही धावत आलात म्हणून हाय ही, दादा,” ती म्हणाली. “गप बसला असतात तर?”

मला रडू आवरेना. चुलतभावानं पाकळ्यांचं तबक माझ्यापुढे धरलं. “घे, तुझी सेवा. मानकऱ्यांनीच सांगितलंय.” बोट सरळ होतं, पण मी तबक घेतलं नाही. आधी गाभाऱ्यात जाऊन आईसमोर बसलो, आणि जन्मात पहिल्यांदाच तिला काही विचारलं नाही.