मामाजींची मुलाखत आणि पाच रजया

मे महिन्याच्या भर दुपारी एका वैज्ञानिकाला रजयांच्या खोलीत कोंडून जीवनाचा अर्थ विचारणारा वर्धा जिल्ह्यातला मी पहिलाच माणूस असावा.

गोष्ट २००७ सालची. वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेत माझा कॉम्प्युटर क्लास होता आणि तिथल्या इंटरनेटवर मला पॉडकास्टचा शोध लागला. (जगाला तो आधीच लागला होता, पण मला कोणी सांगितलं नव्हतं!) दोन माणसं बसतात, विज्ञानावर, कलेवर, विश्वाच्या पसाऱ्यावर निवांत गप्पा मारतात आणि सगळं जग ते ऐकतं! म्हटलं, गप्पा मारण्यात आपण कुठे कमी आहोत? मी हातात मावेल एवढा रेकॉर्डर आणला आणि तेवीस प्रश्न काढले. आता फक्त उत्तरं देणारा माणूस हवा होता.

तो आपण होऊन घरी आला. माझी बायको सुनंदा, तिचे मनोहरमामा बंगळूरला वैज्ञानिक होते. निवृत्त झाल्यावर ते दोन दिवस भाचीकडे राहायला आले. माझ्या सासरवाडीत त्यांचा शब्द कोणी खाली पडू देत नसे.

"मामाजी, तुमची मुलाखत घेऊ का?" मी भीत भीत विचारलं.

"घ्या नं जावईबापू! रिटायर झाल्यापासून मले कोणी काई विचारतच नाई."

इथवर सगळं ठीक होतं. पण आदल्या दिवशी मी एक लेख वाचला होता. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना जाड कापड लावावं, असं त्यात लिहिलं होतं. (हे वर्ध्यात मे महिन्यात करू नये, असं लिहिलं नव्हतं.) मी माळ्यावरच्या पाच रजया काढल्या आणि चार भिंतींना चार ठोकल्या. पाचवी दारावर. खिडकीला आईची मोठी चादर. कूलर घरघरतो म्हणून बंद. पंखा टकटकतो म्हणून तोही बंद.

"अवो, बाहेर पारा पंचेचाळीसवर हाये!" सुनंदा म्हणाली. "मामाजीले काई झालं तं?"

"तू बाहेरून कडी लाव. आणि कितीही आवाज आला तरी अर्धा तास दार उघडायचं नाही!"

तिने कडी लावली. माझी बायको माझं सहसा ऐकत नाही. त्या दिवशी ऐकलं.

मी रेकॉर्डर सुरू केला. "मामाजी, तंत्रज्ञानाने माणूस सुखी झाला का?"

"झाला नं. आता कूलरच घ्या." त्यांनी बंद कूलरकडे फार प्रेमाने पाहिलं. मला काही कळलं नाही.

"सर्जनशीलता कशातून येते?"

"हवा... मोकळी हवा पाह्यजे." त्यांनी सदऱ्याची वरची दोन बटणं काढली.

"सुरेख! आणि मामाजी, जीवन म्हणजे काय?"

त्यांनी रुमालाने कपाळ पुसलं. मग डोळे मिटून म्हणाले, "पाणी."

माझ्या अंगावर काटा आला! (एवढ्या घामात जेवढा येऊ शकतो तेवढा.) "वा मामाजी! पाणी म्हणजे प्रवाह? की पारदर्शकता?"

"पाणी म्हणजे गिलासभर!" मामाजी ओरडले आणि खुर्चीवरून घसरत खाली बसले.

चेहरा लालबुंद, हात मात्र गार. मी धावत जाऊन दार ठोठावलं, तर हात रजईवर पडत होता. धप्! धप्! "सुनंदा! दार उघड!" माझी हाक अजिबात बाहेर जात नव्हती. लेख लिहिणाऱ्याचं म्हणणं शंभर टक्के खरं निघालं! मी कूलरचं बटण दाबलं, तर वीज गेलेली. खिडकीवरची चादर ओढून काढली, तर झोताने गरम वारा आत आला. शेवटी तेवीस प्रश्नांच्या कागदाने मी मामाजींना वारा घालू लागलो. त्या प्रश्नांचा झालेला तेवढाच उपयोग.

(सुनंदाने नंतर सांगितलं, तिला नुसती धपधप ऐकू आली होती. तिला वाटलं, आत विज्ञानाचा एखादा प्रयोग चालू आहे.)

तेवढ्यात कडी वाजली. दारात माझी आई. गच्चीवर कुरड्या घालायला तिला चादर हवी होती.

"काऊन रे सुध्या, माही चादर कुठी हाये?" ती म्हणाली आणि खाली पाहून किंचाळली, "अगं माय! पाहुण्याले भाजून राह्यला का तू?"

मग पाणी आलं, ओला टॉवेल आला, कैरीचं पन्हं आलं. वीजही आली. अर्ध्या तासात मामाजी कूलरसमोर मांडी घालून हसत बसले होते.

"मामाजी, माफ करा," मी हात जोडले.

"माफी काऊन? चाळीस वर्षं प्रयोग केले जावईबापू, पण प्रयोगातला उंदीर कधी झालो नोतो! हेच टाका इंटरनेटवर. माहं एकई वाक्य काटू नका."

आईने पन्ह्याचा दुसरा पेला पुढे करत विचारलं, "पण मामाजी, एवढ्या मशिनी करून माणसाले थांबावंसं काऊन नाई वाटत?"

मामाजी सरसावून बसले. पुढचे दोन तास दोघं बोलत राहिली: कुरडईचा सोऱ्या, उपग्रह, माणसाला मरायची भीती का वाटते, सगळं. सुनंदा आणि मी खाली बसून ऐकत होतो. इतकं छान मी कधीच काही ऐकलं नाही. आणि माझ्या रेकॉर्डरचा सेल त्याआधीच संपला होता!

शेवटी जे होतं ते, मामाजींच्या हट्टापायी, इंटरनेटवर चढवलं. महिन्याभराने एका अनोळखी श्रोत्याचं पत्र आलं: "आवाज अत्यंत स्वच्छ आहे. फक्त पाहुण्यांना शेवटी सोडलं की नाही, तेवढं कळवा."

मी ताबडतोब कळवलं, "सोडलं." विश्व, विज्ञान आणि जीवनाच्या त्या सगळ्या उलाढालीत मला उत्तर येत असलेला तो एकमेव प्रश्न होता!