थुंकीची तपासणी

वीस वर्षांनी आलेला तो माणूस दारात उभा राह्यला अन् "याडी" म्हणाला. आमच्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीत आईले याडी म्हणतात. तेवढा एकच शब्द तो गोरबोलीत बोलला, बाकी सगळी हिंदी अन् तेलुगू. याडीनं हातातला तांब्या खाली ठेवला अन् त्याच्या गळ्यात पडून सुरात रडली, तांड्यातल्या बाया रडतात तशी. मी सुट्टीवर घरी आलती. मले रडू आलं नाही, संताप आला.

माहा भाऊ पांढरकवड्याहून ट्रकवर क्लीनर म्हणून गेला, तेव्हा सतरा वर्षांचा होता. त्यानंतर ना चिठ्ठी, ना फोन. अन् आता हा पोट सुटलेला, अर्ध्या टकलाचा बाप्या म्हणते, मीच तो. कोन्ही म्हणलं अन् मी मानलं, एवढी खुळी नाही मी. बाप गेल्यापासून याडी एकटी राहते. लोहारा गावी मी कामाले आहे, त्या फॅक्टरीतून सुट्टी वाढवून घेतली, पण किती वाढवाची? परक्या माणसापाशी तिले सोडून जाऊ कशी, हेच डोक्यात भणभण करे.

नागपूरच्या एका लॅबमधून डीएनए तपासणीची पेटी मागवली. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवाची अन् याडीची अन् त्याची, दोघांची पाठवाची. त्याले मी सरळ सांगितलं, खरा असशील तर तोंड उघड. त्यानं मुकाट्यानं उघडलं. भांडला असता तर मले बरं वाटलं असतं.

याडीले मात्र म्हणलं, साखर तपासाची आहे.

"आता साखर गालातून पाह्यतात काय?"

"नवं निघालं आहे," मी म्हणली. खोटं बोलाले मले वेळ लागत नाही.

मग माहा पाय घरात ठरेना. पुसदच्या बाजारात जाऊ अन् काही न घेता परत येऊ. फोन उघडू, बंद करू, पुन्हा उघडू. त्याचं चालणं बापासारखं दिसलं की जिवाले थंडावा वाटे. तो हसला की वाटे, छे, हा दुसराच कोन्ही. याडी त्याले न विचारता दुसरी भाकर वाढे अन् मी त्याच्या ताटाकडे पाहून जळत बसू.

रिपोर्ट आला तेव्हा मी विहिरीपाशी होती. इंग्रजी होतं, दोनदा वाचलं. आई अन् मुलगा, जुळते म्हणे. मी पळतच घरात आली. याडी तूर पाखडत होती.

"याडी, तो आपलाच आहे," म्हणली अन् मले हुंदका फुटला. वीस वर्षांचं रडू होतं ते.

तिचं सूप थांबलं नाही. "त्याच्या थुंकीले इचारलं तू. माह्या थुंकीले इचारलं. मले काहून नाही इचारलं?"

विचारलं असतं तर पहिल्याच दिवशी ती हो म्हणाली असती, अन् मी तरीही पेटी मागवलीच असती. तिले ते माहीत होतं. मी डोळे पुसले अन् काही तरी बोलाचं म्हणून बोलली, की आता सुट्टी संपली, उद्या निघते.

"जाय," ती म्हणाली. "माहा पोरगा हाय माह्यापाशी."