वहिनीचा एक भास

माझी बायको गेली तेव्हाही हे तिला ठाऊक नव्हतं. माझ्या दुखऱ्या दाढेपासून पेन्शनच्या भानगडीपर्यंत तिला माझं सगळं माहीत होतं, हे सोडून. दादाला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखत असतात तर सांगितलं नसतं, इतका मी अजूनही भित्रा आहे.

मी औषधशास्त्र शिकवायचो. निवृत्त होऊन बराच काळ लोटला, पण माझा एक तास मुलांना अजून आठवतो म्हणे — उत्तेजक औषधांचा. फळ्यावर मी मेंदूतल्या दोन पेशी काढायचो, मधे थोडी फट आणि त्या फटीत खडूचे ठिपके. ठिपके म्हणजे डोपामिन. लोक त्याला आनंदाचं रसायन म्हणतात. मी म्हणायचो, साफ चूक. ते ‘इकडे बघ’ असं सांगणारं रसायन आहे. भुकेल्याला भाकरीचा वास लांबून येतो, आईला गलक्यातही आपल्याच पोराचं रडणं ऐकू येतं, त्यात त्याचा मोठा हात असतो. अँफेटामिनची गोळी पेशीत साठवलेलं डोपामिन बाहेर ढकलते आणि परत आत जाऊ देत नाही. आधी थकवा पळतो, डोकं लखलखीत होतं. पुढे पुढे प्रत्येकच गोष्ट ‘इकडे बघ’ म्हणू लागते. दाराची कडी वाजली, कुणी शिंकलं — माणूस त्याचा अर्थ लावत बसतो. झोप, भूक आणि मनाचा तोल सांभाळायला सेरोटोनिन लागतं, त्याचीही घडी विस्कटते. आणि गोळी थांबली की साठा रिकामा. माणूस ओल्या गोणपाटासारखा पडून राहतो.

एवढं सांगून झालं की मी खडू ठेवायचो आणि म्हणायचो, ‘‘अशी एक रुग्ण मी स्वतः पाहिली आहे.’’ मुलं माना खाली घालून लिहून घ्यायची.

रुग्ण! किती सोयीचा शब्द. ती माझी वहिनी होती.

लालबागच्या चाळीत आमची एकच खोली. दादा गिरणीत साच्यांवर, म्हणजे मागांवर कामाला, मी घरातला पहिला कॉलेजात गेलेला. वत्सलावहिनी त्या खोलीत खानावळ चालवायची. कोकणातून एकटे आलेले गिरणी कामगार आपापल्या पाळीप्रमाणे येऊन जेवून जायचे. वाढताना ती प्रत्येकाच्या गावची चौकशी करायची, कुणाला पत्र आलं नसेल तर त्याच्या ताटात माशाचा एक तुकडा जास्त पडायचा. बाई कामाला वाघ आहे, असं सगळे म्हणायचे. ती थकते, असं कुणी म्हणत नसे.

मग संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली. दादा सत्याग्रहात उतरला आणि तुरुंगात गेला. चाळीला त्याचा केवढा अभिमान! मलाही होता — खोटं कशाला बोलू. पण पगार थांबला, आणि घरभाडं, माझी फी, सगळंच वहिनीच्या चुलीवर आलं. काही महिन्यांत ती खंगली. एके सकाळी भाकरी थापताना तिचा हात थांबला. ती म्हणाली, ‘‘भावजी, माका आता जमणा नाय. खानावळ बंद करतंय नि गावाक जातंय.’’

तिचं काय चुकलं होतं? काहीच नाही. पण मला त्यातून ऐकू आलं ते एवढंच, की माझं कॉलेज संपलं.

मी तेव्हा दुपारचा परळच्या एका औषधाच्या दुकानात काउंटरवर उभा राहायचो. ती गोळी तिथे मिळायची. बायका बारीक व्हायला न्यायच्या, विद्यार्थी परीक्षेला. मीही आदल्या परीक्षेला घेतली होती. इथे जरा थांबतो — कारण नेमक्या या वळणावर मला पळून जायची सवय आहे. डोपामिनचं हे सगळं तेव्हा आमच्या पुस्तकांत नव्हतं, असं मी स्वतःला वर्षानुवर्षं सांगत आलो. नव्हतंच. पण मला पुस्तक कशाला हवं होतं? त्या परीक्षेच्या शेवटी नळावरच्या बायका माझ्याबद्दलच कुजबुजतात असं मला वाटायला लागलं होतं. मी घाबरलो, गोळी बंद केली, चार रात्री मेल्यासारखा झोपलो आणि ठीक झालो. म्हणजे मला ठाऊक होतं. स्वतःच्या डोक्यात घडलेलं होतं.

तरी मी वहिनीला ती गोळी दिली. शक्तीची आहे म्हणून सांगितलं. तिने ती देवाच्या प्रसादासारखी उजव्या हातात घेतली.

गुण तर असा आला की विचारू नका. वहिनी पुन्हा गाणी गुणगुणत पोळपाटाशी बसली. दोघींचं काम एकटी करू लागली. स्वतः जेवेनाशी झाली, पण लोकांना वाटलं, नवरा तुरुंगात आहे म्हणून अन्न जात नाही. मग ती घासलेली भांडी परत घासू लागली, पुसलेली फरशी परत पुसू लागली. गावाला जायची भाषा बंद झाली. मी रोज सकाळी कॉलेजला निघण्याआधी तिच्या तळहातावर गोळी ठेवायचो. पुढे एकीच्या दोन झाल्या.

भिकाजी नावाचा एक कामगार आमच्याकडे जेवायचा. अबोल, मान खाली घालून जेवणारा, जेवला की स्वतःचं ताट स्वतः उचलणारा. कापसाच्या धुळीत काम करून त्याच्या छातीत खोकला भरला होता. एक दिवस वहिनीने मला मोरीपाशी ओढलं आणि पुटपुटली, ‘‘तो खोकता ना, तो इशारो असा. खाली पोलीस उभो आसता.’’ तिचे डोळे मी पाहिले. मला ते कळले. माझेही तसेच झाले होते ना?

मी म्हणालो, ‘‘काहीतरीच काय, वहिनी.’’ आणि पुस्तक उघडून बसलो.

मग ती तेच चाळभर सांगू लागली. एरवी चाळीने तिला वेड्यात काढलं असतं आणि कदाचित वेळेवर डॉक्टरकडे नेलं असतं. पण दिवस कसे होते? मोर्चे, लाठ्या, अश्रुधूर, आज याला उचलला, उद्या त्याला. पोलिसांचे खबरे असायचेच, सगळ्यांना ठाऊक होतं. आणि बोलणारी कोण, तर सत्याग्रहीची बायको. तिच्यावर कोण संशय घेणार? एका रविवारी दुपारी चाळीतल्या पोरांनी भिकाजीला गॅलरीत धरला. तो आईची शपथ घेत होता. मारामुळे त्याला खोकल्याची उबळ आली, तशी पोरं ओरडली, बघा, अजून इशारे करतोय! त्याची वळकटी आणि पत्र्याची पेटी वरून खाली फेकली. मी दाराच्या चौकटीला धरून उभा होतो. चुलीवर भात होता, तो लागल्याचा वासही मला आठवतो. एक वाक्य पुरे होतं — तिला मी गोळ्या देतोय, तिचं ऐकू नका. भिकाजीने जाताना एकदा माझ्याकडे पाहिलं. घरात शिकलेला मी एकटाच, म्हणून असेल.

तो परत चाळीत दिसला नाही. त्याचं पुढे काय झालं, मी कधी चौकशी केली नाही.

मग तरी मी गोळी थांबवली का? नाही. परीक्षा तोंडावर होती.

दादा सुटणार असल्याचा निरोप आला तेव्हा थांबवली. उरलेली बाटली मी गटारात टाकली. त्याचं स्वागत करायला चाळीने तोरणं बांधली आणि वहिनी भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. दादा हारासकट तिच्यापाशी बसला. तो इतका हळू बोलत होता की त्याचा आवाज मला परका वाटला. मग ती बोलायला लागली आणि थांबेना. भिंतीत माणसं बोलतात, पाण्यात कुणी काहीतरी टाकतं, भिकाजी पुन्हा खाली येऊन उभा राहतो. आणि त्याच दमात, त्याच आवाजात ती म्हणाली, ‘‘भावजीनी माका गोळ्यो दिल्यानी. तेवापासून ह्या सुरू झाला.’’

दादाने माझ्याकडे पाहिलं. त्याने संशयाने विचारलं असतं तर कदाचित मी कबूल केलं असतं, असंही मी स्वतःला सांगत आलोय. पण त्याने विश्वासाने विचारलं, ‘‘कसली गोळी रे?’’

मी म्हणालो, ‘‘दादा, तिला भास होतात.’’

बस. एवढंच मी केलं. गोळी दिली हा गुन्हा आहेच, पण मला माझी खरी किंमत कळली ती या वाक्यात. तिच्या सगळ्या बोलण्यात एकच गोष्ट खरी होती आणि ती मी उचलून खोट्यांच्या ढिगात टाकली. डॉक्टरनेही विचारलं, काही औषध वगैरे चालू होतं का? दादा म्हणाला, नाही. मी शेजारीच उभा होतो.

गोळी थांबली की बहुतेकांचं डोकं ताळ्यावर येतं, हे मी पुढे शिकवलं. काहींचं येत नाही. वहिनीचं आलं नाही. दादाने गिरणी सोडली आणि तिला घेऊन गावी गेला. मी दादरला एका मित्राच्या खोलीत राहून शिकलो, पहिल्या वर्गात आलो, प्राध्यापक झालो. मुंबई महाराष्ट्राला मिळाली त्या दिवशी पेढे वाटले. दादाला मात्र पत्र लिहिलं नाही.

शेवटचं तिला पाहिलं ते तिच्या म्हातारपणी. गावच्या पडवीत खाटेवर बसली होती, केस कापलेले. ती कुणाच्याही हातून औषध घेत नाही, घर सांभाळणारी चुलत पुतण्याची बायको सांगत होती, चहासुद्धा स्वतः डोळ्यांदेखत करायला लावते. मला तिने लगेच ओळखलं. माझ्याकडे बोट दाखवून घरातल्या सगळ्यांना शांतपणे म्हणाली, ‘‘ह्येनीच दिल्यानी.’’

‘‘मनावर घेऊ नका हां, काका,’’ म्हणत घरातली पोरं हसली. दादाही ओशाळून हसला आणि माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, ‘‘तिचा हा जुनाच भास आहे, तुला ठाऊक आहे ना.’’ मी मान हलवली, थोडा हसलोही. मग पानं घेतली होती, तिथे जाऊन जेवायला बसलो.