बारशापर्यंत न पोचलेला पाळणा

पलूसच्या स्टँडवर साताऱ्याच्या गाडीत बसले, तेव्हा आई खिडकीखाली उभी होती. कुंडलहून मुद्दाम आली होती. गाडी सुटायच्या आधी हळूच म्हणाली, "कुणी इचारलं तर बदली झालीया म्हण. दवाखान्याचं बोलू नगंस." बदली खरीच होती, पण यांनी ती मागून घेतली होती. मूल होण्याचे उपचार करणारा दवाखाना साताऱ्यात होता. लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि पलूसला सासरी, कुंडलला माहेरी माझ्या पोटाची चौकशी करायचं कुणी बाकी राहिलं नव्हतं.

कुंडलच्या बायांनो, तुम्हाला मी आठवत असेन ती पाळणे रचणारी म्हणून. बारसं कुणाचंही असो, बाळाच्या मामा-आत्यांची नावं गुंफून नवा पाळणा मीच करायची. पहिल्या दिवसापासून बाराव्यापर्यंत एकेक कडवं. भांडकुदळ आत्यांना त्यात बरोबर चिमटे काढायची आणि त्याच सगळ्यांत मोठ्याने हसायच्या. साताऱ्यात माझी भाषाच बदलली. दवाखान्यातले शब्द तोंडी बसले: फॉलिकल, स्कॅन, ट्रान्सफर. या शब्दांना चाल कुठली लावणार?

गर्भ पोटात सोडला त्या दिवशी डॉक्टरांनी पडद्यावर एक पांढरा ठिपका दाखवला. घरी येऊन पडून राहिले आणि किती तरी महिन्यांत पहिल्यांदाच ओळी सुचल्या:

पहिल्या दिवशी पडद्यावर दिसला,
मोहरीएवढा ठिपका हसला,
आईच्या पोटी पाहुणा बसला,
जो जो रे बाळा जो जो.

मग रोज एक कडवं होत गेलं. एके सकाळी पाळी आली आणि पाळणा मधेच थांबला. दवाखान्यात म्हणाले, "नेक्स्ट सायकलला बघू." मला रडायचं होतं, पण कुणासाठी रडतेय म्हणून सांगू? कुणी आलंच नव्हतं, तर गेलं कोण, असं सगळ्यांचं म्हणणं. फार संताप यायचा मला.

गेल्या आठवड्यात भावाला मुलगी झाली. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि सख्खी आत्या मी एकटीच. आईचा फोन आला. अडखळत म्हणाली, "नाव चुलत आत्याला सांगू दे. लोकं बोलत्यात गं. तू पाळणा तेवढा लिवून धाड. तुझ्यावानी कुणाला जमत न्हाई."

माझं डोकंच फिरलं. पाळणा चालतो आणि रचणारी चालत नाही! "हा घे पाळणा," म्हणाले आणि माझा अर्धवट पाळणा फोनवरच म्हणायला लागले, ठिपक्यापासून थांबला तिथपर्यंत.

मग आई म्हणाली, "नाव काय ठेवणार हुतीस गं त्याचं?"

हे मला आजवर कुणीच विचारलं नव्हतं. यांनीसुद्धा नाही. मी नाव सांगितलं. आईने ते एकदा हळू उच्चारलं आणि तिला रडू फुटलं.

बारशाला मी जाणार आहे. कानात नाव कोण सांगणार, ते आई बोलली नाही आणि मीही विचारलं नाही. दवाखान्यात पुन्हा जायचं की नाही, तेही अजून ठरत नाही. पलूसच्या घरात आता दीर-जाऊ राहतात, साताऱ्यातलं भाड्याचं आहे. माझं घर म्हणाल तर ते कुंडलला. माझ्या बाळाचं नाव माहीत असलेलं एक माणूस तिथे राहतं.