पान पाच

आमच्या गावात पेपर यायचा तो सकाळी दहाच्या एसटीनं. लाखनीपासून आत, धानाच्या बांध्यांमध्ये आमचं गाव. भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा होऊन तेव्हा चार-पाच वर्षं झाली असतील. थांब्यावरचे चहावाले काका पेपर विकायचे. एकच प्रत गावभर फिरायची आणि संध्याकाळी त्यांच्याच आलुबोंड्यांखाली संपायची.

मी नर्सिंगला अर्ज केला होता. बाबांनी सांगूनच ठेवलं होतं, यंदा नंबर लागला तर शिक, नाहीतर सोयरीक पाहू. माझा जीव नुसता टांगणीला. एका सकाळी थांब्यावरच्या बूथवर नागपूरच्या आत्याचा फोन आला. मुलाखतीच्या यादीत तुझं नाव आहे, तारीख आजच्या पेपरात पाहा, पान पाच, एवढं बोलली आणि लाइन कटली. पुन्हा काही लागली नाही.

पेपर आला. पान पाचवर धान खरेदी आणि कुठल्याशा शाळेचं स्नेहसंमेलन. यादीचा पत्ताच नाही! माझं डोकं फिरलं. माझं पान आलुबोंड्यांना लावलं आणि आत भलतंच कोंबलं, असं मी काकांना चारचौघांत वाट्टेल ते बोलले. ते बाबांच्या वयाचे, पण मला कुठलं भान? त्यांनी शांतपणे चष्मा लावला, तारीख पाहिली. आजचीच होती. मग कोपऱ्यातली बारीक अक्षरं वाचली: भंडारा जिल्हा आवृत्ती. इतकी वर्षं पेपर विकून त्यांनाही हे ठाऊक नव्हतं.

"म्हणजे नागपूरवाल्यायचा पेपर अलग निघते," ते म्हणाले. "तुई यादी तिकडंच राहिली."

वरठीच्या कारखान्यात दुपारच्या पाळीला नागपूरहून माणसं येतात, हे त्यांना तिथंच कामाला असलेल्या जावयामुळे माहीत होतं. त्यांनी शेगडी विझवली, बाबांना विचारलं आणि मला फटफटीवर बसवून वरठीचं स्टेशन गाठलं. गाडीतून उतरणाऱ्या एकेकाला ते नागपूरचा पेपर मागत होते. शेवटी एकानं डब्याच्या पिशवीतून काढून दिला. पान पाच. माझं नाव होतं, आणि मुलाखत दुसऱ्याच दिवशी सकाळी. मी प्लॅटफॉर्मवरच रडायला लागले. त्या गडबडीत काकांची माफी मागायची राहून गेली, आणि नंतर लाजेनं मी तो विषयच काढला नाही.

मी नर्स झाले, नागपुरातच राहते. आता गावात टॉवर आहे. पोरी थांब्यावर बसून मोबाइलवर फॉर्म भरतात, आणि काका थकले तरी प्रत्येकीला विचारत असतात, शेवटची तारीख पाहिली का म्हणून.

परवा सकाळी त्यांनी मला एक फोटो पाठवला. भंडाऱ्याच्या पेपरचं पान पाच. आमच्या गावातल्या दोन पोरींचा नर्सिंगला नंबर लागल्याची बातमी, नावांखाली पेनानं रेघ मारलेली. मी माझा पेपर उघडून पाहिला. पान पाचवर मेट्रोची जाहिरात होती. तेवढ्यात काकांचा आवाज आला फोनवर, रेकॉर्ड करून पाठवलेला.

"तुयाकडं नसन आली ही बातमी. पण पान मी नाही काढलं हो, बाई."

मी हसले आणि रडलेही. मग त्यांना फोन लावला आणि इतक्या वर्षांची राहिलेली माफी मागितली.