मला कळत होतं

पडद्यावर नाना आपल्या गावाकडच्या बोलीत बोलत होते आणि आमचं ऑफिस हसत होतं.

धुळ्याला देवपुरात आमच्या कंपनीचं छोटं ऑफिस आहे. विधिमंडळाच्या मौखिक इतिहासाची वेबसाइट बनवायचं काम आम्हाला मिळालं होतं. जुन्या आमदारांच्या आठवणी रेकॉर्ड केलेल्या होत्या. त्या कोणालाही घरबसल्या ऐकता याव्यात आणि खाली शब्द न् शब्द वाचता यावा, असं ते काम. ऐकून टाइप करणं माझ्याकडे होतं.

नाना साक्रीकडचे. एकदाच निवडून आलेले. आता नव्वदीला टेकलेले. त्यांची मुलाखत सुरू झाली आणि ऑफिस चालवणाऱ्या आमच्या सरांनी ती अर्ध्यात थांबवली.

"हे आमदार होते? यांना गुरांमागून थेट सभागृहात आणलं होतं का?"

सगळे हसले. सर माझ्याकडे वळले.

"तू तिकडचाच ना? तुला कळतंय काही?"

मी म्हणालो, "नाही सर. आमच्या घरी शुद्ध मराठी बोलतात."

आणि मीही हसलो. कोणी सांगितलं नव्हतं हसायला.

"मग नाही कळलं तिथे कंसात अस्पष्ट लिही आणि पुढे चल."

मी लिहिलं. नानांचा आवाज खणखणीत होता. एकही शब्द गिळलेला नव्हता. ती माझ्या मायची बोली. त्याच बोलीत मला जेवायला हाक मारली गेली, त्याच बोलीत मार बसला. मी कानाला हेडफोन लावून सगळं समजून घेत होतो आणि बोटांनी लिहीत होतो: (अस्पष्ट). पुढच्या ओळीत पुन्हा (अस्पष्ट).

माझे वडील हमालांच्या संघटनेची पत्रकं वाटायचे. मी अक्षरं शिकलो ती त्या पत्रकांवर. कॉलेजात मी स्वतः पत्रकं लिहिली. 'आमचा आवाज दाबता येणार नाही' असं मोठ्या ठशात छापलं. तोच मी. दाबायला दुसरं कोणी लागलंच नाही.

त्याच आठवड्यात मायचा फोन आला. शेजारी सर उभे होते. मी शुद्ध मराठीत म्हणालो, "मी कामात आहे, नंतर फोन करतो." मग मायनं विचारलं, "कोन बोली ऱ्हायनं, भाऊ? मन्हा पोऱ्याले फोन दे ना." तिला वाटलं, माझा फोन दुसऱ्या कोणाच्या हातात आहे.

मी फोन ठेवून दिला.

या कामाचा एक नियम आहे. लिहिलेला मजकूर बोलणाऱ्या माणसाला दाखवायचा. त्याची सही झाली की तोच मजकूर वेबसाइटवर जातो, सहीनंतर त्यात कोणी काही बदलत नाही. नानांना आता बारीक अक्षर वाचता येत नव्हतं, म्हणून वाचून दाखवायला मला पाठवलं.

ते ओट्यावर खाटेवर बसले होते. मी खाली बसून वाचायला लागलो. पहिल्या पानावर जन्म, शाळा, निवडणूक. दुसऱ्या पानावर ती जागा आली. "मी उभा राहिलो," मी वाचलं, आणि पुढे, "कंसात अस्पष्ट. कंसात अस्पष्ट."

"आस्पष्ट म्हंजे काय रे भो?"

"नीट ऐकू आलं नाही, नाना."

"आसं?" ते थांबले. "तू कोनता गावना?"

मी गाव सांगितलं. अमळनेरजवळचं.

"मंग तुन्ही माय घरमा काय बोलस?"

त्या कंसांच्या जागी नाना जे बोलले होते ते मला पाठ होतं. आजही आहे. 'मी उभा ऱ्हायनू. गावना पानीनं सांगाले लागनू. बठ्ठा हासनात. मी खाले बसनू.' गावच्या पाण्याबद्दल बोलताना सगळं सभागृह हसलं, आणि त्यानंतरची सगळी वर्षं ते दुसऱ्यानं लिहून दिलेला कागद वाचत राहिले. स्वतःच्या तोंडचं एक वाक्य पुन्हा सभागृहात बोलले नाहीत. नेमकं तेच मी पुसलं होतं.

मला वाटलं, आता शिव्या देतील. नानांनी हात पुढे केला.

"आन. सही कोठे करू?"

राग नाही, तक्रार नाही. कोणी कागद पुढे केला की मुकाट्यानं घ्यायचा, ही त्यांची जुनी सवय. त्यांनी चष्मा चढवला. पेन कागदाला टेकणार, तेवढ्यात मी कागद ओढला.

"सही नको करू, नाना. माले बठ्ठं समजनं व्हतं. मी खोटं लिखं."

कित्येक वर्षांनी मी परक्या माणसासमोर तसा बोललो. नानांनी पेन खाली ठेवलं.

"मंग आते खरं लिख," ते म्हणाले. चहा विचारला नाही.

मी तिथेच बसून लिहिलं. त्यांच्याच शब्दांत, कंसाशिवाय. खाली मराठीत अर्थ. वाचून दाखवलं. एके ठिकाणी त्यांनी मला दुरुस्त केलं. मग सही केली.

सरांनी ती पानं पाहिली. "हे काय आणलंस? सहीसुद्धा घेऊन आलास? तुला तर कळत नव्हतं."

"कळत होतं, सर."

"मग तेव्हा खोटं का बोललास?"

याचं उत्तर माझ्याकडे आहे, पण त्यानं मी सुटत नाही. मला तुमच्यातला व्हायचं होतं, एवढंच ते उत्तर. मी ते मोठ्यानं सांगितलं. यावेळी कोणी हसलं नाही. सर म्हणाले, पुढच्या महिन्यात तुझं काय करायचं ते बघू.

बघा, सर.

कंसांनी भरलेला तो पहिला मजकूर मी फाडलेला नाही. खाली लिहिणाऱ्याचं नाव आहे. माझं. तो बॅगेत असतो. ज्या ज्या मुलाखतींत असे कंस आहेत त्या सगळ्या मी मागून घेतल्या आहेत. काहींमध्ये सातपुड्यातल्या बोली आहेत, त्या मला खरंच येत नाहीत. ज्याला येतात त्याच्या शेजारी बसेन, विचारेन, मगच लिहीन. इथे असेन तोवर इथे, नाहीतर बाहेरून. पण जे मला कळतं ते कळत नाही असं पुन्हा म्हणणार नाही. सरांसमोर नाही. कोणाहीसमोर नाही.